उतार

सप्टेंबरातला रविवार. चर्चच्या घंटेने आठ वाजवले.
ओताकारच्या दारात सहा जावा उभ्या,
एका घरात दिलेल्या सख्ख्या जावांसारख्याच:
रंग एक, तोरा वेगळा,
आणि प्रत्येकीची कुरकुर ज्याची त्यालाच कळते.

थोरली ओताकारची, अठ्ठेचाळीस सालची.
धाकटी माझी, बासष्टची. टाकीला पोचा.
मावशीच्या नवऱ्याने बारा वर्षं
कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवली होती तिला.
अजून तापली की सायलेन्सरमधून
पिसांचा वास येतो, असं व्लास्तिमिल म्हणतो.
व्लास्तिमिलच्या म्हणण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं.

पेट्रोलच्या पंचवीस मापांना तेलाचं एक.
झ्दिस्लावा नुसत्या नजरेने मोजते,
चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली तिने.

मग निघायचं. घाई नाही.
साठचा वेग म्हणजे डोक्यावरून पाणी.
मोराव्हियाची बटाट्याची शेतं, तळी,
तळ्याच्या बांधावर ओक,
वळणावळणाला आमचा निळा धूर
आमच्यापेक्षा उशिरा वळतो.
ट्रॅक्टरवाला कडेला होतो, टोपी उचलतो.
कुठे चाललात, असं कुणी विचारलं
तर आम्ही एकमेकांची तोंडं बघतो.

तीन वर्षं मला वाटायचं, रीतच आहे ही:
पबपाशी थांबलं की गाडी उतारावर लावायची,
पुढचं चाक खाली.
मीही लावायचे. नव्या सुनेने फार विचारू नये.
निघताना गिअर टाकून, क्लच दाबून
घरंगळत जायचं,
ओढ्यापाशी क्लच सोडला
की टर्र, टर्र, एकेक जागी व्हायची.
किक कुणी मारायचंच नाही.

मग एकदा तळ्यावर पोहताना
ओताकारचा डावा गुडघा पाहिला,
वरपासून खालपर्यंत शिवण.
जावाची किक डाव्या अंगाला असते.
कुणी काही बोललं नव्हतं.
मीही बोलले नाही.

यंदा तो पब बंद झाला,
मालकीणबाई लेकीकडे ब्रनोला गेल्या.
पुढच्या गावातला चौकात आहे,
चौक परातीसारखा सपाट.
लसणाचं सूप पिऊन बाहेर आलो.
ओताकार म्हणाला, तुम्ही व्हा पुढे,
मी जरा पॉइंट बघतो.
पॉइंटला काही झालेलं नव्हतं.

क्षणभर सगळे हेल्मेटच्या पट्ट्यांशी खेळत राहिले.
मग व्लास्तिमिलने किक मारली,
झोपलेल्या मांजराला सरकवावं इतकी हळू.
"मेली," म्हणाला. "ढकला रे."
राडिमचीही मेली.
झ्दिस्लावाने सगळ्यांदेखत
पेट्रोलची चावी बंद केली आणि म्हणाली, "अरे देवा."

भर चौकात, भर दुपारी
आम्ही एकेकाला ढकलत होतो.
खिडकीतली पोरगी ग्लास पुसायची थांबली.
ओताकारचा नंबर चौथा लागला,
पहिला नाही, शेवटचा नाही.
त्याची पहिल्याच धक्क्याला बोलली,
थोरलीच ती.

उरले मी.
किक मारली, हळू नाही, जीव खाऊन.
काही नाही.
पुन्हा. काही नाही.
सगळे हसले.
"अगं, पुरे आता," झ्दिस्लावा म्हणाली.
"नाही हो. खरंच मेलीय."

राडिम उतरायला लागला.
ओताकारने त्याला हातानेच थांबवलं,
आपली चालती गाडी स्टँडला लावली,
आणि एक्क्याऐंशी वर्षांचा तो
माझ्या सीटमागे येऊन उभा राहिला.
"दुसरा गिअर," म्हणाला, "आणि मागे बघायचं नाही."

किराण्याचं दुकान गेलं, कारंजं गेलं.
मागे त्याचा श्वास,
फरशीवर बूट, एक मोठ्याने, एक दबकत.
युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेल्या दगडापाशी
मी क्लच सोडला.
ती खोकली. पुन्हा खोकली. पेटली.

आणि धुरात पिसांचा वास होता,
शप्पथ.