या कानाचं त्या कानाला

आईची खुर्ची टेपनं मोजून मांडली आहे.
दोन्ही स्पीकरपासून सारखंच अंतर, एक मीटर चाळीस.
पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा केल्या होत्या,
त्या तिनं सकाळी पुसल्या,
पाद्रीबाई येणार होत्या म्हणून.
पुन्हा मोजलं.

हेडफोन तिला चालत नाही,
कानातलं यंत्र शीळ घालतं.

म्हणून हा खटाटोप:
डाव्या स्पीकरचं बोलणं फक्त डाव्या कानात पडावं.
पण आवाज तो,
नाकाला वळसा घालून उजव्या कानाशी चहाडी करतोच,
जरा उशिरा, जरा दबक्या सुरात.
मग उजवीकडून मी तीच चहाडी पालथी करून धाडते,
सेकंदाचा चार हजारावा हिस्सा थांबून,
शिखरापुढे दरी, दरीपुढे शिखर,
दोघं एकमेकांना गिळतात.
आणि या खोडरबराचाही डाग
डाव्या कानात उमटतो.
तो पुसायला आणखी एक.
त्या पुसण्याला आणखी एक, फिकट, अजून फिकट...
या कानाचं त्या कानाला कळू नये
एवढ्यासाठी सतरा पानांचं गणित.

बाबांनी, त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात,
माझ्या हट्टाखातर कानांत वाटाण्याएवढे मायक्रोफोन घालून
ऑलबोर्गच्या धक्क्यावर फेरी मारली होती.
"आस्गर आता हेर झाला," कोळी हसले होते.
तेही आहे त्यात.

फिल्टर मी आईच्या डोक्याला बेतले,
बापाचा कोट आटवून द्यावा तसे.

आधी पाणी.
मग सीगल, चक्क कपाटाच्या मागून.
मग कवटीच्या ऐन मधोमध
बाबांनी आवंढा गिळला.
आईचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला.

आणि मग डावीकडून, पाठीमागून, लांबून:
"आस्गर! कॉफी गार होतेय!"

आई वळली.
वळणारच. कुणीही वळलं असतं.
हे सगळं मूठभर जागेत उभं असतं,
डोकं हललं की धक्का, पाणी, सीगल
गपकन दोन खोक्यांत जाऊन बसतात.

ती रिकाम्या दाराकडे बघत राहिली.
"ही मी?" म्हणाली.
"इतकी चिडून हाक मारायचे मी त्याला?"

मी म्हटलं, वारा होता त्या दिवशी,
वाऱ्यात सगळेच ओरडतात.

"त्याला अशी ऐकू यायचे तर."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं.
मी खुर्ची पुन्हा जागेवर आणली,
टेप न लावता, अंदाजानं.

"परत लाव," ती म्हणाली,
आणि दोन्ही तळहातांत हनुवटी घट्ट धरून बसली,
दाढ दुखणाऱ्या पोरीसारखी.