पट्टी दोन घरं खाली

सहाला इथे कुणी येत नाही, उराबेसान.
तुम्ही आलात, कोट न काढताच टेकलात,
मी अजून बर्फ फोडतेय.
मुरोरानला डिसेंबरात चारलाच अंधारतं,
म्हणून उशीर झाल्यासारखा वाटतो, एवढंच.
तीन तास आहेत.

नऊला सगळा विभाग येणार,
आणि पहिलं गाणं प्रमुखानं म्हणायचं असतं.
हो. असतं.
नारुमीसान एकोणीस वर्षं म्हणत होते, याच स्टुलावर,
एकच गाणं. रिमोटला त्यांची बोटं पाठ होती.

आधी गळ्याचं माप घेऊ, शिंप्यासारखं.
लाजू नका.
आ म्हणा. वर. अजून वर.
बस, इथे उसवतं.
पन्नाशीनंतर सगळ्यांचं इथेच उसवतं,
बँकेच्या मॅनेजरचं तर त्याआधीच.
पट्टी दोन घरं खाली घेऊ. हे बटण.
कुणाला कळत नाही,
आणि ज्याला कळतं त्यानंही ते दाबलेलं असतं.

पोराटोरांचं गाणं नको.
शब्द मालगाडीसारखे धावतात,
मध्येच एक इंग्रजी ओळ येते,
तिथे तुम्ही नुसते ओठ हलवाल
आणि हिशेबखात्यातली ती नवी मुलगी, चिझुरु,
टाळ्या वाजवेल.
दयेची टाळी लगेच ओळखू येते:
फार तालात असते.

बंदराचं घ्या.
बोट, भोंगा, बर्फ, न आलेली बाई.
ज्यांना बोट लागते त्यांनाही ते पाठ असतं.
ध्रुवपद चार शब्दांचं असलं की
दुसऱ्या फेरीला गोदामातले कुशिबिकीसान
आपण होऊन गळा काढतात,
मग तुम्ही फक्त माइक धरायचा.
नारुमीसान तर तिसऱ्या कडव्यात
मोहरी लावून याकितोरी खायचे,
गाणं चालूच असायचं.

आणि तीन मिनिटं. चौथ्याला लोकांना संडास आठवतो.

शेवटी यंत्र गुण देतं, त्याचंही सांगते.
सत्तर-पंचाहत्तर चांगले.
नव्वद पडले तर लोक म्हणतील, हा घरी सराव करतो.
पन्नास पडले तर
हसावं की नाही, हे त्यांना
तुमच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागेल.

हे काय काढलंत?
नको. हे डोंगर आहे.
बाविसाव्या वर्षी? बँडमध्ये?
तुम्ही गायचात?
मग?
नुसता बेस. बरं.
आणि गाणारा कुठे असतो हल्ली?
तोमाकोमाईला, टायर विकतो.

लावा.
दार लोटून घ्या, खाली धोबी आहे,
तो सगळ्यांना सांगतो.

(उसवलं, मापलं होतं तिथेच.
मी बर्फ फोडायचं थांबवलं नाही,
थांबवलं असतं तर ऐकतेय असं वाटलं असतं.
मधलं संगीत आलं, लांबलचक,
ज्यात लोक मोबाइल काढतात;
त्यांनी माइक खाली ठेवला,
आणि डाव्या हाताची चार बोटं
मांडीवर, पँटच्या घडीवर,
काहीतरी बिनचूक करू लागली.
सगळ्या गाण्यात तेवढंच सुरात होतं.)

अठ्ठावन्न.
पुसून टाकते, थांबा. यादीत राहतं नाहीतर,
आणि नऊला पहिलं तेच दिसेल.
पुसलं.
पाणी प्या, कोमट. दारू आत्ता नको.

बंदराचं मीच लावून ठेवते, पहिल्या नंबरावर.
भोंगा वाजला की उठायचं,
भिंतीकडे नाही, माणसांकडे बघायचं.
कुशिबिकीसान आले की त्यांना पुढे बसवते.

अजून एक. ती बोटं.
हलवा खुशाल, खिशात हात घालून.
या गाण्यातही खाली कुठेतरी बेस आहे म्हणालात ना?
एकोणीस वर्षं ऐकलं मी हे,
दर शुक्रवारी, ग्लास पुसत.
आज ऐकते.