दंडाची वही

रूबेची लोकरगिरणी बंद पडली तेव्हा
यंत्रं भंगारात गेली, वह्या आमच्याकडे आल्या.
चौथ्या मजल्यावर, जिथे लोकर विंचरायचे,
तिथे मी सुती हातमोजे घालून बसते.
सतरा वर्षं झाली.

अठराशे सत्त्याऐंशी. उशीर : पन्नास सांतीम.
खिडकी उघडली : पंचवीस.
आणि नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी फाराईल्ड डकेझर,
हसली : पंचवीस.

शुक्रवारी लीलहून मुलं येतात.
प्रोफेसर टेबलाशी उभे राहून सांगतात,
विचारसरणी म्हणजे पडदा,
आणि इतिहासकाराचं काम तो ओढून काढणं.
मुलं लिहून घेतात.
फारच शिस्तीत लिहून घेतात.

मला पडदा दिसत नाही.
दिसतात त्या तांबड्या शाईच्या उभ्या रेघा,
कारकुनाने जानेवारीत, कुणी चुकायच्या आत,
दोनशे पानांवर आखून ठेवलेल्या.
नाव. गुन्हा. रक्कम.
का हसली, ते लिहायला जागाच नाही,
आणि जागा नसली की वाटू लागतं, कारणही नसावं.
कारकून लबाड नव्हता. अक्षर मोत्यासारखं.
रेघ सरळ यावी, एवढीच त्याची धडपड.

एकदा हट्टाने मी त्या हसण्याचा माग काढला.
त्या आठवड्याची वर्तमानपत्रं, दवाखान्याचं रजिस्टर,
मुकादमाची लग्ननोंदसुद्धा.
हाती काय लागलं?
पान उलटल्यावर, त्याच मंगळवारी, आणखी अकरा बायका.
गुन्हा : वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.
सातव्या ओळीला मी खुदकन हसले,
जिथे ‘शांतता राखा’ची पाटी मीच लावली आहे, त्या खोलीत.

मग कार्ड भरलं. छापील पर्याय :
संप, वेतन, अपघात, शिस्त.
‘शिस्त’वर खूण केली.
टोपण लावताना आठवलं,
हे रकाने छापखान्याला मीच कळवले होते.

काल नवेल बेनायाद, जिची आई इथे रात्रपाळीला होती,
एकटी काही लिहीत नव्हती. म्हणाली,
बाई, कारकुनाला हसू आलं नसेल?

सगळे गेल्यावर भिंग घेऊन बसले.
अकराव्या ‘वरीलप्रमाणे’पाशी शाई फुटली आहे,
टाक जरा हललेला.
थंडीनेही हलला असेल.
नोव्हेंबर होता, आणि खिडकी
कुणीतरी उघडलेली.