अकरा सदरे, धुलाई बाकी

बिल्ल्यावर सन आहे : एकोणीसशे पाच.
सोनेरी दोऱ्याने विणलेला, छातीच्या डाव्या अंगाला,
जिथे गोल मारला की पोरं ओठ टेकवतात.

नेलिदा बार्साघी त्या सनाला हसते.
एक्क्याऐंशीची आहे. पाराना नदीच्या काठी, या रेल्वेच्या गावात
क्लबच्या कागदपत्रांची खोली तिच्या ताब्यात;
म्हणजे एक किल्ली,
आणि छत गळतं तिथे ठेवायचं पातेलं.

खरा कागद सातचा आहे, ती म्हणते.
चौदा जुलै. कारखान्यात कोरा कागद नव्हता,
लोकरीच्या गाठींची जुनी पावती होती, तिच्या पाठीवर
फोरमन हॅडोने तीन ओळी लिहिल्या.
बॉयलरवाल्या ताल्यापिएत्राने अंगठा उठवला.
पाचव्या सहीला शाई संपली,
म्हणून संस्थापक पाच.
बाकीचे अंधार पडायच्या आत खेळायला निघून गेले होते.

रुळांपलीकडचे म्हणतात, आम्ही सहाचे.
तुमच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात आम्ही!
(हेच ते त्यांच्या भाषेत जास्त घाण शब्दांत म्हणतात,
आणि सोबत ढोल असतो.)

एकतीस साली आमच्यांना ते सोसेना.
सभा भरली. खजिनदार ओदिलोन केसादा
कुठूनसं एका चामडी चेंडूचं बिल घेऊन आला,
सन एकोणीसशे पाच, गिऱ्हाइकाचं नाव पुसट.
मतं पडली. अकरा विरुद्ध चार.
रात्रीत क्लब दोन वर्षांनी थोरला झाला.
शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली एक जून
जशी माणसाला मरेपर्यंत पुरते
तसा तो सन पुरला. झेंडे त्याचेच निघाले,
नातवंडांच्या दंडांवर तोच गोंदला गेला.
चौघे कोण होते, याची नोंद नाही.

आणि मग या हिवाळ्यात
भावाचं घर रिकामं करताना
नेलिदाला पणजीचा हिशोब सापडला.

कोन्चेत्ता. बंदरावरचे, कारखान्यातले कपडे धुवायची.
अक्षर येत नव्हतं. चर्चने वाटलेल्या
चारच्या दिनदर्शिकेवर, संतांच्या नावांशेजारी,
ती चित्रं काढायची. चौकोन म्हणजे चादर.
आडवे हात पसरलेली काठी म्हणजे सदरा.
पैसे आले की पुढचा गोल काळा करायचा.

एप्रिलचा दुसरा सोमवार :
अकरा काठ्या, ओळीने.
दहा सारख्या. एक उंच, कोपरांना ठिगळ.
सगळ्यांवर ठिपके ठिपके, चिखलाचे असणार.
शेवटी गोल.
रिकामा.

नेलिदा त्या रात्री झोपली नाही.
तिला दिसत राहिलं, रविवारी पडून पडून खेळलेली अकरा माणसं
सोमवारी सकाळी दारात, बनियनवर,
हातात गाठोडं, नजर जमिनीकडे,
पुढच्या आठवड्यात देतो म्हणणारी.

अध्यक्ष आला. पस्तिशीचा, गाड्यांचे टायर विकतो.
चित्र बघून त्याचा आवाजच चढला :
सेन्योरा, चार! आता त्यांना दोन वर्षं मागे टाकलं!
बिल्ले नवे करू, भिंत रंगवू, सांगाल ती खुर्ची तुमची!

ती म्हणाली, आधी धुलाई.

तो हसला. ती नाही.
मग त्याने खिशातून फोन काढला,
एका सदऱ्याचे किती, विचारलं,
आणि हिशोब मांडायला बसला.
पण मधल्या काळात पेसोवरची शून्यं
सरकारांनी इतक्यांदा खोडली होती
की रक्कम दर वेळी नाहीशी व्हायची.
पुन्हा मांडायचा. पुन्हा काहीच नाही.

पातेल्यात थेंब पडत होते.
तिने दिनदर्शिका मिटली, मांडीवर घेतली,
आणि त्याला म्हणाली,
घाई नाही. पुढच्या आठवड्यात दे.