मापात

खाजगीवाले बाई म्हणाल्या, काबुली चण्याएवढी आहे.
मी विचारलं, कोरडा की भिजवलेला?
त्या हसल्या. मी हसले नव्हते.
भवानी पेठेत वीस वर्षं गल्ल्यावर बसते,
दोन्हींत किती फरक पडतो ते मला ठाऊक.

भिजवलेला, म्हणाल्या. साधी गाठ, कॅन्सरची नाही.
साधी म्हणे.
लेक कॉलेजात, आणि माझ्या ब्लाउजला दुधाचा डाग.
कुणाला सांगायचं? बादलीत सगळ्यांत खाली घातला.
पाळी गेली ती वयानं, असं धरून चालले.
मग पोत्यांमधल्या वाटेनं जाताना
खांदा आपटायला लागला, डावा, नंतर उजवा,
तेव्हा चष्मा बदलला. दोनदा.
लक्ष्मी रोडच्या माणसानं दोन्ही वेळा पैसे घेतले.

उमाकांत भावजी म्हणाले, काढून टाका एकदाची,
हल्ली नाकातून काढतात, टाकासुद्धा दिसत नाही.
ह्यांनी तर एफडी मोडायचा फॉर्म आणला.
बाई म्हणाल्या, आधी गोळी.
अर्धी. रविवारी आणि गुरुवारी.
एवढ्या डोक्याला अर्धी गोळी!
पहिल्याच दिवशी सुरीखालून तुकडा उडाला
तो थेट तूरडाळीत.
दुपारभर डाळ पाखडली. सापडला.

मळमळायचं. शुक्रवारी सकाळी गल्ला ह्यांच्याकडे.
आत काय चाललंय ते कळत नाही,
दुखत नाही, खाजत नाही.
मार्चमध्ये डाग थांबले, एवढंच.

सहा महिन्यांनी पुन्हा त्या मशीनच्या बोगद्यात,
कानांत बोळे, तरी ठोक ठोक ठोक,
आणि मी आपली मनात उधारी मोजतेय.
वाटाणा, म्हणाल्या बाई.
वर्षानं, मूग.
गेली का मग?
नाही. राहील कदाचित. गोळी बंद करू नका.
राहू दे. मूग मला चालतो.
माल सुकला की वजन घटतं, दाणा राहतो,
हे भवानी पेठेला कुणी शिकवायला नको.

परवा दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
मान न वळवता
डाव्या कडेला हे दिसले,
गुळाच्या ढेपेचा खडा मोडताना.
ह्यांना शुगर.
वर्षभर माझी ती बाजू बंद होती
आणि ते ह्यांना पक्कं माहीत!
ओरडणार होते.
तोंड उघडलंसुद्धा.
मग तशीच बसून राहिले, मान सरळ ठेवून,
आणि पाहिलं
चिकट बोटं, बोटांमागं पोती,
पोत्यांमागं रस्ता, रस्त्यावर वळणारा टेम्पो,
टेम्पोच्या मागे लोंबकळणारा पोरगा.