कागदात गुंडाळून

सदरच्या दुकानाला जाळी आहे.
जाळीतून मी नोटा सरकवते.
पोरगा विचारत नाही कोणासाठी,
जुन्या पेपरात बाटली गुंडाळतो, काळ्या पिशवीत घालतो,
आणि मला ती गुंडाळी ओळखीची वाटते.

पस्तीस वर्षं, महिन्याच्या महिन्याला,
गोकुळपेठेतल्या मेडिकलवाल्या ठवरे काकांनी
असंच दिलं पाकीट. असाच पेपर, अशीच पिशवी,
अशीच भलतीकडे वळवलेली मान.
त्यांचं दुकान चालू आहे अजून.
बंद झालं ते माझं.

बावन्नावं लागलं त्या मे महिन्यात
बाहेर सत्तेचाळीस. आतलं वेधशाळा सांगत नाही.
रात्री अडीचला कूलरसमोर उभी,
वाळ्याचा ओला वास,
आणि पोटातून मानेपर्यंत चढत जाणारी झळ.
घरचे म्हणाले, यंदा ऊनच आहे तसं.

मग छाती.
जिना चढताना डाव्या अंगाला
कोणी आतून कडी वाजवावी तसं.

हेमलता नंदागवळी, अजनीच्या पार्सल ऑफिसात
एकवीस वर्षं माझ्या शेजारची खुर्ची,
तिनं डब्याच्या पिशवीतून कात्रण काढलं:
पाळी गेलेल्या बायकांच्या काळजाला
थोडीशी बिअर बरी असते म्हणे.
"थोडीशी हं. बादली नाही.
आपलं नाव नाही बातमीत, पण वय तर आहे ना बाप्पा."

तिच्या गच्चीवर, शनिवारी,
स्टीलचे पेले, कारण काचेतून दिसते.
फुटाणे. एक बाटली, दोघींत.
पहिला घोट म्हणजे कारल्याच्या पाण्यात सोडा.
"काळजाला बरं ते कडूच असते," ती म्हणाली, "मेथ्या पाय."
आम्ही एकमेकींची मनगटं धरून
तिच्या घड्याळावर नाडी मोजली,
आणि चुकलो, आणि हसलो,
आणि पुन्हा मोजली.

धंतोलीत डॉक्टर बुरडे मॅडमच्या फॉर्मवर
रकाना होता: मद्यपान.
प्रश्न पुरा व्हायच्या आत मी नेहमी "नाही" म्हणत आले.
या वेळी म्हटलं, हो. आठवड्याला अर्धी बाटली.
पेन थांबलं. मी कात्रण पुढे केलं.
त्यांनी ते सगळं वाचलं, हे मला अपेक्षित नव्हतं.

म्हणाल्या, असतात असे अभ्यास.
पण थोडं पिणाऱ्या बायका चालायलाही जातात,
भाजी खातात, हाताशी चार पैसे असतात त्यांच्या.
कशानं काय झालं, कोण सांगणार?
स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, ते कात्रणात नाही.
न प्यायलात तर उत्तम. हृदयासाठी म्हणून तर नकोच.
गोळी घ्या, चाला, लोणचं कमी करा.
आणि फॉर्मवर खरं सांगत जा, असंच.

बाहेर आले तर पाय हलके.
दूध हाडांसाठी दिलं मला,
डिंकाचे लाडू बाळासाठी,
उपास त्यांच्यासाठी, कॅल्शियम पुन्हा हाडांसाठी.
आणि ही एकच वस्तू निघाली
कशासाठीच नसलेली.

हेमलताला सांगितलं. ती गप्प.
मग कात्रण पेल्याखाली ठेवलं,
बातमीवर ओलं वर्तुळ उमटलं.
त्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षा कमी ओतली.
कारण गेलं तसा हातही आखडला,
का कोण जाणे.
आता महिन्यातून एखाद्या शनिवारी. बाकीचे, ताक.

आज पोरानं पेपर ओढला.
म्हटलं, राहू दे.
कूलरच्या घरघरीत त्याला ऐकू गेलं नाही.
पुन्हा म्हटलं, राहू दे रे, कागद नको. पिशवीही नको.

ऑटोत बसले, बाटली छातीशी,
पातळाला ओल लागत चाललेली.
लिबर्टीच्या सिग्नलला ऑटोवाला आरशातून बघतो.
"मावशी, थैली देऊ का?"

नको, म्हटलं.
थंड आहे. बरं वाटून राह्यलं.