सतरा आटे

जावयाने हौसेने घेतलेली, मग गॅलरीत
टॉवेलांखाली दोन वर्षं उभी असलेली ही सायकल.
एकवीस गिअर. मला तीन पुरतात.
निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात हवा भरली
आणि पहाटे साडेचारला, ही माझी सवयीचीच वेळ,
एकतीस वर्षं ह्याच वेळी खांद्यावर लोखंडी चावी घेऊन
कन्नमवार नगरातल्या झाकणांपाशी मी वाकायचो,
निघालो विहार बघायला.

बघितला नव्हता कधी.
पाणी सोडलं, पाण्याच्या नावाने शिव्या खाल्ल्या.
त्यातलं विहारचं किती, वैतरणेचं किती, पाईपला ठाऊक.
तलाव म्हणजे साहेबांच्या भिंतीवरचा नकाशा,
निळ्या शाईचा, कोपऱ्याला वाळवी लागलेला.

रस्ता मनगटांना आधी कळतो, डोळ्यांना नंतर.
काँक्रीटचे जोड: टक्. टक्.
कुणी मोजत बसल्यासारखे.
मग पेव्हर ब्लॉक, तिथे कवळी वाजते,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो.
मेट्रोच्या खांबाखाली खड्ड्यावर टाकलेला पत्रा
एकदाच ओरडतो.
पवईला धुकं. जलपर्णीवर एक बगळा,
सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचलेल्या कारकुनासारखा,
नुसताच उभा.

आरेत शिरल्यावर डांबर लागलं,
जुनं, झिजलेलं, म्हशीच्या पाठीसारखं.
तबेल्यांचा वास. गवताचा टेम्पो.
बिबट्यापासून सावध राहा, अशी पाटी,
बिबट्याच्या तोंडावर पानाची पिंक.
डांबर संपलं, ते न सांगता.
खडी. खडीनंतर माती, पिठासारखी,
मातीवर सागाची पानं, पापडासारखी मोडणारी;
चाकाखाली एवढा आवाज
की कोण येतंय म्हणून मीच मागे वळून पाहिलं.

तेवढ्यात पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा.

पाड्यावर एक बाई अंगण झाडत होती.
जमनी हाडळ, हे नाव नंतर कळलं.
काही न विचारता तिने बादली पुढे केली.
अर्धी.
"सांडू नका. टँकर आता परवा."
मी ट्यूब बुडवली, वीत वीत सरकवत गेलो,
एका जागी बुडबुड्यांची माळ सुटली,
मोहरीएवढे, न थांबणारे.
आयुष्यभर गळती शोधली ती मातीला कान लावून,
अशी डोळ्यांनी कधी दिसली नव्हती.

बोलण्याच्या ओघात म्हणालो, मी पाणी खात्यातला. चावीवाला.
तिचा झाडू थांबला.
"कुठल्या अंगाला फिरवायचात?"
"डावीकडे. सतरा आटे. मग सुटतं."
"आणि आमच्याकडचं?"
आमच्याकडचं झाकण माझ्या यादीत नव्हतं.
हे बोललो नाही.
ठिगळावर फुंकर मारत बसलो,
वाळलं होतं तरी.

तलाव त्या टेकाडावरून दिसतो, ती म्हणाली.
आत जाऊ देत नाहीत.
तिचा सासरा रात्री आत जाऊन मासे धरायचा,
एकदा मगर दिसली, तेव्हापासून खेकड्यांवर आला.

चढ सायकल ढकलतच चढलो. दगड, मुळं,
शेवटी तर वाटच नाही, नुसता उतरता मुरूम.
तारेच्या जाळीला नाक लावलं.
होता. खरंच होता.
नकाशातल्यापेक्षा काळा,
काठाला सुकलेल्या चिखलाचा पट्टा,
मधोमध ऊन नुकतंच पडत होतं.
सुंदर वगैरे वाटायच्या आत
माझी नजर व्हॉल्व्हचा मनोरा शोधायला लागली:
कुठे आहे, ग्रीस दिलंय का कुणी,
आट्यांना गंज तर नाही.
मनोरा झाडांआड असावा. सापडला नाही.
तासभर बसलो तिथेच,
जाळीचे चौकोन कपाळावर उमटेपर्यंत.

उतरताना दोनदा थांबून अंगठ्याने चाक दाबून पाहिलं.
टिकलं होतं.
पाड्यापाशी ब्रेक आपोआप लागला.
जमनी दिसली नाही, दार ओढलेलं.
बादली अंगणातच होती, भोवती कोंबड्या,
मान वर करून एकेक घोट गिळणाऱ्या.
पाणी चार बोटं उतरलं होतं.